सत्तावीस नंबरची फिल्म

११ मे १९८२, मंगळवार

उरलेली अकरा मुलं आज येऊन गेली. बत्तीसच्या बत्तीस झाली.

इथं आखातात चार फुटबॉल क्लबांनी यंदा नवीन पद्धत काढली आहे. सोळा वर्षांखालची बत्तीस मुलं आधी निवडायची. मग चौघांनी एका टेबलाशी बसायचं आणि चिठ्ठीनं ठरलेल्या क्रमानं एकेक करून प्रत्येकी सहा मुलं उचलायची. ज्याला उचललं त्याला दरमहा पगार, बूट आणि ऑगस्टमध्ये युरोपात शिबिर. पण त्याआधी वय सिद्ध व्हायला हवं. निम्म्या मुलांच्या कागदांवर जन्मतारीख एक जानेवारी आहे, कारण खरी तारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नाही. म्हणून डाव्या मनगटाचा एक्स-रे. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी एक बारीक फट दिसते, वाढ संपली की ती बुजते. फिल्म मी काढतो, सही आमच्या क्लिनिकचे कैरोचे डॉक्टर करतात. ते फट बघतात आणि पुढची फिल्म मागतात.

उंची, वजन, वीत ही मापंही माझ्याकडेच. शफीकभाई त्यांतल्या एका क्लबाचे मॅनेजर, लखनौचे. मी नाशिकला कॉलेजात चार वर्षं हॉकीचा गोलकीपर होतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून माझ्या तक्त्यात ‘शेरा’ असा एक रकाना वाढला आहे. “मधुभाई, आप की आँख है। दो लाइन लिख दिया करो।” मला हे आवडलं, खोटं कशाला लिहू.

सत्तावीस नंबर: मजीद, अल रुवैसचा. बाप इब्राहीम मासेमारी करतो. वीत तेवीस सेंटिमीटर. पंधरा वर्षांच्या मुलाची अशी वीत मी पाहिलेली नाही. टेबलावर हात ठेव म्हटलं तर त्यानं डावा हात उजव्या हातानं आणून ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. “दुखतो का?” माझ्या मोडक्या अरबीत विचारलं. हसला. म्हणाला, नाही, सवय आहे.

दुपारी घोटाळा झाला. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यापासून चहाला घ्यावं इतकं गरम येतं. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, वीस डिग्रीवर राहायला हवं, म्हणून त्याच्या टाकीभोवती बर्फ लावतो. आमचा ड्रायव्हर जालिंदर मासळी बाजारातून लाद्या आणतो. आज तो दीड तास उशिरा आला.

“आवं साहेब, बर्फवाल्याचं मशीनच बंद पडलंय. म्या काय फुंकर मारून गोठवू व्हय?”

मी वाट पाहायला हवी होती. पाहिली नाही. चार फिल्मांवर डाग पडले. तीन चालतील, कडेचे ओघळ आहेत, फट स्वच्छ दिसते. सत्तावीस नंबरवरचा डाग मात्र नेमका मनगटाच्या हाडात, फटीच्या वर. डॉक्टर विचारणार. मागच्या महिन्यात आठ फिल्म वाया गेल्या तेव्हा त्यांनी लेखी ताकीद दिली आहे. मदिनत खलीफातलं आमचं घर क्लिनिकच्या नावावर आहे. मुलगा तोवर बसनं परत गेला होता, आणि रुवैस काही शेजारी नाही. रिपोर्ट उद्या सकाळी आठला हवेत.

दिवसाच्या पहिल्या मुलाच्या मी दोन फिल्म काढतो, एक्सपोजर तपासायला. आज पहिला होता बावीस नंबर. त्याची दुसरी फिल्म स्वच्छ होती. तिच्यावर पांढऱ्या शाईनं २७ लिहिलं. दोघंही उघडच सोळाच्या आतले आहेत. यात कुणाचं नुकसान नाही.

डॉक्टरांनी अकराही पाकिटांवर ‘नॉर्मल’ लिहून सही केली. पाच मिनिटं लागली.

१४ मे, शुक्रवार

सकाळी सहाला मैदानावर. सुट्टीचा दिवस, पण शफीकभाईंनी गाडी पाठवली आणि मी गेलो. विभावरी म्हणाली, “घरातला नळ तीन आठवडे गळतोय. त्यालाही एक शेरा लिहा.”

गोलकीपर तीन आहेत. इतर लोक गोलकीपरच्या उड्या बघतात. मी तो उडी मारायच्या आधी काय करतो ते बघतो. मजीद किक मारणाऱ्याचा जमिनीवर टेकलेला पाय बघतो, चेंडू बघतच नाही. आणखी एक गोष्ट अशी की, डावीकडे आलेला चेंडूही तो उजव्या हातानं घेतो, अंग पूर्ण वळवून, आणि पडतो नेहमी उजव्या कुशीवर. मी असं कुणाला करताना पाहिलेलं नाही. बारा चेंडूंपैकी दहा अडवले.

लिहिलं: “उजव्या हाताचा असामान्य वापर. ही हातोटी शिकवून येत नाही. पहिल्या क्रमांकाची शिफारस.”

जालिंदर कठड्याला टेकून बघत होता. तो अंबाजोगाईकडचा, घरी जनावरं असतात. म्हणाला, “साहेब, बैल पाय चोरायला लागला की असाच वळतो बगा.”

मी म्हटलं, बैलाला गोल अडवता येतात का? तो म्हणाला, “न्हाई, पण पाय चोरता येतो.”

विनोदी माणूस आहे.

२७ मे, गुरुवार

जुन्या, खराब फिल्मांचा खोका आज रिकामा होणार होता. त्यातली चांदी काढणारा माणूस दर तीन महिन्यांनी येतो. तो यायच्या आधी मी सत्तावीस नंबरची खरी फिल्म शोधून काढली. का, ते माहीत नाही.

डाग पडलेल्या बाकीच्या तीन फिल्म पाकिटांतून आणून चारही उजेडाच्या पेटीवर लावल्या. तिन्हींवरचे डाग कडेपासून सुरू होतात आणि चहा सांडल्यासारखे खाली ओघळतात. सत्तावीसचा डाग कडेपर्यंत येत नाही. ओघळत नाही. हाडाच्या रेषेच्या आत थांबतो. रसायनाला हाडाची हद्द कशी कळली, असा विचार मनात आला.

पण रसायन कसं वागेल ते सांगता येत नाही. सोळा वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली आहेत, चित्रविचित्र डाग पाहिले आहेत. मी रेडिऑलॉजिस्ट नाही. फिल्म वाचणं माझं काम नाही.

खोक्यात परत टाकली नाही. खणात ठेवली, शिशाच्या एप्रनखाली.

१० जून, गुरुवार

आज मुलं उचलली. मला शफीकभाईंच्या मागे खुर्ची होती, हातात तक्ता. पहिली चिठ्ठी आमचीच निघाली. (आमची म्हणजे त्यांची. असं लिहून गेलो.)

पहिल्या क्रमांकाला सगळे गोल मारणारा मुलगा घेतात. समोरच्या क्लबाचा माणूस तर नाव लिहून पेन बंद करून बसला होता. शफीकभाईंनी माझा शेरा मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, सत्तावीस. टेबलाशी कुजबुज झाली. पहिल्या फेरीत गोलकीपर कुणी घेत नाही. कुणीतरी विचारलं, हात वगैरे ठीक आहेत ना, गोलकीपर आहे. शफीकभाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं. “एक्स-रे हुआ है। नॉर्मल।” त्या माणसानं फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि मान डोलावली.

ती बावीस नंबरच्या मुलाची फिल्म. बावीस नंबरला पाचव्या फेरीत कुणीतरी घेतलं.

जेवण झालं. शफीकभाई सगळ्यांदेखत म्हणाले, पुढच्या वर्षीही मधुभाईच. घरी येईपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

१३ जून, रविवार

मजीदचा बाप इब्राहीम क्लिनिकमध्ये आला होता. उन्हानं भाजलेला, हडकुळा, माझ्याच वयाचा असेल. ओल्या गोणपाटात गुंडाळलेला हातभर लांबीचा हमूर मासा टेबलावर ठेवला. “लोक सांगतात, तू निवडलंस माझ्या मुलाला.” मी म्हटलं, क्लबानं निवडलं. तो म्हणाला, “क्लबाला कुणी सांगितलं?” माझा हात त्यानं दोन्ही हातांत धरला.

जाताना म्हणाला, मजीद जाळं ओढताना कधीकधी ओरडतो, लाडावलाय. आता पगारी माणूस झाला, जाळं ओढायचं सुटलं.

मासा घरी नेला. आमच्याकडे मासळी चालत नाही; विभावरीनं गोणपाट हातात न घेताच जालिंदरला हाक मारली, घेऊन जा म्हणून.

२ जुलै, शुक्रवार

रमजान चालू आहे. सराव इफ्तारनंतर असतो, म्हणून मी जात नाही. जालिंदर हल्ली क्लिनिक सुटल्यावर क्लबाची बसही चालवतो, तो सांगतो.

“त्या रुवैसच्या पोराला मालिशवाला रोज रगडायलाय. मनगटाला गरम वाळूची पुरचुंडी लावतेत, तेल लावतेत. पोरगं दात खाऊन बसतंय.”

शफीकभाईंना फोन केला. सहज म्हणून विचारलं. म्हणाले, “मधुभाई, गोलकीपर है, कलाई तो दुखेगी। और एक्स-रे तो आप ही ने निकाला। क्लीन है।”

हो म्हटलं.

मालिश करू नका, एवढं तरी सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर कारण विचारलं असतं.

२४ जुलै, शनिवार

ईद झाली. तीन दिवस सुट्टी होती, घरीच होतो.

जेवताना मृणालिनी म्हणाली, “बाबा, व्हाय डू यू कीप लुकिंग ॲट माय हँड?” मी तिचं मनगट धरून बसलो होतो हे मला ती बोलल्यावर कळलं. नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतच येतं. मी म्हटलं, बघतो आहे किती वाढलीस. “यू आर हर्टिंग मी,” ती म्हणाली.

भांडी आवरताना विभावरी म्हणाली, “अहो, क्लिनिकमध्ये काही झालंय का?” नाही म्हटलं. “मग तुम्ही महिनाभर झोपेत हातावर हात का चोळताय?”

मी हात खिशात घातले.

६ ऑगस्ट, शुक्रवार

मुलं आज शिबिराला गेली. चोवीस जण.

काल संध्याकाळी शफीकभाईंनी सगळ्यांची वैद्यकीय पाकिटं नीट क्रमानं लावून द्यायला मला क्लिनिकमध्ये बोलावलं. त्यांचा माणूस बाहेर गाडीत बसला होता. खोलीत मी एकटा. सत्तावीस नंबरचं पाकीट उघडलं आणि खणातून खरी फिल्मही काढली. दोन्ही समोर ठेवल्या.

अगदी सोपं होतं. ही काढायची, ती घालायची. तिकडचे डॉक्टर बघतील, विचारतील. इथवर पत्र येईल. आमचे डॉक्टर सहीची फिल्म आठवून विचारतील, ही कुठून आली?

बाहेरून हॉर्न वाजला. “यल्ला, चलो मधुभाई।”

पाकिटात स्वच्छ फिल्म घातली. दुसरी परत एप्रनखाली.

तिकडे उत्तम डॉक्टर असतात. काही असलंच तर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. उलट हे बरंच झालं, मुलगा चांगल्या हातांत आहे. आज सकाळपासून मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता लिहूनही टाकलं.

२९ ऑगस्ट, रविवार

काल संघ परत आला. आज सकाळी जालिंदर बर्फ घेऊन अंधाऱ्या खोलीच्या दारात उभा राहिला. लादी खाली ठेवेना.

“साहेब, त्या पोराचा हात बगितलाव का तुमी?”

“नाही. काय झालं?”

“मनगट हे एवढं झालंय. कातडी चकाकायलीय. हातमोजा कात्रीनं फाडून घातलाय त्यानं, वरून पट्टी. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर होता. खड्डा आला की डोळे मिटायचा.”

“तिकडे डॉक्टरांना दाखवलं नाही?”

“तिकडचा कोच म्हणाला म्हनं, एक्स-रे काढा. शफीकभाईंनी पाकीट काढून दाखवलं. झालं, मिटलं. आन् पोरगं सोताहून कशाला सांगतंय? परत धाडतील म्हणून गप.” मग लादी खाली ठेवून म्हणाला, “तुमचं पाकीट लई जोरदार हाय साहेब. जो तो त्याच्यापाशीच थांबतो.”

त्याला काही माहीत नाही. तसंच असावं.

दिवसभर माझा शेरा आणि त्या दिवशी इथे लिहिलेलं आठवत होतं. उजव्या हाताचा असामान्य वापर. पडतो नेहमी उजव्या कुशीवर. मी गोलकीपर होतो, चार वर्षं. दुखरा हात कसा वाचवतात हे मला कुणी शिकवायला नको होतं.

१ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरांच्या खोलीबाहेर दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं. हॉस्पिटलांकडून काम मिळावं म्हणून त्यांना आमच्या क्लिनिकचा चांगला रेकॉर्ड दाखवायचा आहे. मेपासून एकही फिल्म वाया गेली नाही म्हणून त्यांनी माझी ताकीद फाडून टाकली. माझ्यासमोर फाडली. मी ‘शुक्रन’ म्हणून आभार मानले आणि बाहेर आलो.

संध्याकाळी विभावरीला सांगितलं. सगळं. ती भाजी निवडत होती, निवडणं थांबलं नाही.

“मग आता पुन्हा काढा ना फिल्म,” ती म्हणाली.

“पहिली कुणाची होती ते विचारतील.”

“विचारू देत.”

“नोकरी जाईल. हे घर जाईल. मृणालिनीची शाळा.”

“हे मला माहीत नाही असं वाटतंय का तुम्हाला?”

तिनं देठ बाजूला सारले. मग तिनं विचारलं, “त्याच्या घरी कोण कोण असतं?” मी म्हटलं, बाप आहे, बाकी मी विचारलं नाही. ती म्हणाली, “एवढी मापं घेतलीत त्या मुलाची, आणि हे नाही विचारलं.”

शुक्रवारी रुवैसला जायचं मी ठरवलं.

३ सप्टेंबर, शुक्रवार

जालिंदरला म्हटलं, रुवैसला जायचं आहे, क्लिनिकच्या गाडीनं. कशाला ते त्यानं विचारलं नाही. अर्ध्या वाटेवर मीच सांगितलं. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, “म्या त्या दिवशी बर्फाला उशीर केलता.”

“तुझा काय संबंध?”

“तेच म्हणायलाव. माझा काय संबंध. पर उशीर तर झाला.”

बंदराशी इब्राहीम तारेचा मासे धरायचा पिंजरा दुरुस्त करत बसला होता. मला पाहून उठला, आनंदानं. चहा मागवला. मजीद आत झोपला आहे म्हणाला, प्रवासानं दमलाय.

मी म्हटलं, मजीदच्या हाताची फिल्म पुन्हा काढायला हवी. मोठ्या हॉस्पिटलात.

“कशाला?” तो म्हणाला. “एक आहे ना. शफीकनं मला उजेडात धरून दाखवली. हाड पांढरं, स्वच्छ. तुझ्याच हातची.”

“हात सुजला आहे.”

“सुजला आहे. चेंडू लागतो. शफीक म्हणतो, फिल्म चांगली आहे, काळजी करू नकोस. बरा होईल, इन्शाल्ला.” मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, “तू इतक्या लांब हे सांगायला आलास?”

मी चहाचा पेला हातात धरून बसलो. जालिंदर गाडीला टेकून उभा होता. तिथून तो हळूच मराठीत म्हणाला, “बोला साहेब. आता बोला.”

“ती फिल्म मजीदची नव्हती,” मी म्हटलं.

इब्राहीमला वाटलं माझी अरबी चुकली. त्यानं वाक्य दुरुस्त करून मला परत विचारलं. मी म्हटलं, नाही, तू ऐकलंस तेच. ती दुसऱ्या मुलाची होती. मजीदची खराब झाली असं मला वाटलं. मी बदलली.

“मजीदची कुठे आहे?”

मी सोबत आणलेलं पाकीट पुढे केलं. त्यानं आधी दोन्ही हात कपड्याला पुसले, मग फिल्म घेतली. उजेडात धरली नाही. नुसती हातात घेऊन बसला. पलीकडे नावा लागत होत्या, कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्यानं ओ दिली नाही.

मग उठून घरात गेला. दहा मिनिटांनी धुतलेला पांढरा कपडा घालून बाहेर आला, मागे मजीद. मजीद मला बघून हसला आणि उजवा हात पुढे केला. डावा त्यानं अंगाशी धरला होता, जसा त्या दिवशी टेबलावर ठेवण्याआधी धरला होता तसा. तेव्हा मी त्याची वीत मोजत होतो.

हॉस्पिटलात शुक्रवारी फक्त अपघाताचे रुग्ण बघतात. उद्या सकाळी या म्हणाले. दोघांना आमच्या घरी आणलं. विभावरीनं इब्राहीमला वाढलं. तो जेवला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

४ सप्टेंबर, शनिवार

हाडांचे डॉक्टर मद्रासचे निघाले, अरबी जेमतेम. माझी त्यांच्याहून थोडी बरी, म्हणून मजीदला बाहेर बसवून इब्राहीमसोबत मलाही आत थांबवलं. नवी फिल्म ओलीच आणून त्यांनी पेटीवर लावली. मी आणलेली जुनी तिच्या शेजारी.

सोळा वर्षं मी फिल्म काढतो आहे. मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. जुन्या फिल्मवरचा डाग करंगळीच्या नखाएवढा. नव्या फिल्मवर त्या जागी हाड कुठे संपतं ते दिसत नव्हतं.

“ही कधीची?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“अकरा मे.”

“कुणी पाहिली?”

“मी.”

“आणखी कुणी?”

“कुणी नाही.”

हाडाचा कॅन्सर, ते म्हणाले, आणि पसरला आहे का बघायला छातीचीही फिल्म काढायला सांगितली. आली, बराच वेळ पाहिली, मग म्हणाले, अजून तरी इथे काही दिसत नाही. मी ते लगेच इब्राहीमला अरबीत सांगितलं. घाईनं सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली, लक्ष डॉक्टरांकडे होतं; त्यांनी तोवर खिशातून पेन्सिल काढली होती. मनगटाच्या नव्या फिल्मवर त्यांना हवी ती जागा नव्हती, म्हणून त्यांनी तिच्या पाकिटावर हात काढला, अगदी लहान मुलं काढतात तसा, आणि कोपराच्या वर एक आडवी रेघ मारली. हात इथून काढावा लागेल, आठवड्याच्या आत, म्हणाले. त्यानंतरही मुंबईला किंवा लंडनला औषधं घ्यावी लागतील, बराच काळ. यश येईल की नाही ते आज सांगता येत नाही.

मी विचारलं, मे महिन्यात कळलं असतं तर?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल खिशात ठेवली. “त्यांना सांगा,” म्हणाले.

मी सांगितलं. औषधांचे शब्द मला अरबीत येत नव्हते, तिथे नुसतं ‘औषध’ म्हटलं. रेघ सांगायला शब्द लागला नाही, इब्राहीमनं ती पाहिली होती. त्यानं पाकीट जवळ ओढलं आणि रेघेवर अंगठा ठेवून बसून राहिला. मला वाटलं आता तो मला मारेल. मारावं असंही वाटलं.

“आत आणू का त्याला?” मी विचारलं.

“नको,” इब्राहीम म्हणाला. “तू बाहेर जा. त्याला तू सांग. तू निवडलंस त्याला.”

बाहेर लांबलचक बाक होता, माणसांनी भरलेला. मजीद टोकाला बसला होता. मला येताना पाहिलं तसा तो सरकला आणि त्यानं मला बसायला जागा करून दिली.